सबनीसांचा खांदा

वामनराव सबनीस कुठल्याही खुर्चीवर आल्या आल्या बसत नसत. आधी ती दोन्ही हातांनी हलवून बघत, मग वाकून तिच्या पायांकडे बघत, आणि मग ज्याची खुर्ची असेल त्याच्याकडे अशा नजरेनं बघत की त्या बिचाऱ्याला आपल्या हातून काहीतरी गुन्हा घडलाय असं वाटावं. "हा जोड कोणी दिलाय?" ते विचारत. आमच्या बैठकीतल्या वेताच्या खुर्चीवर ते कधीच बसले नाहीत. सतरंजीवर मांडी घालून बसत आणि चहा पिता पिता त्या खुर्चीकडे वैतागून बघत राहत.

रागावणारा माणूस वेगळा आणि वैतागलेला वेगळा. रागावणारा एकदा ओरडतो नि मोकळा होतो. सबनीस मोकळे होत नसत. सकाळी घराबाहेर पडले की इंदूरच्या बडा गणपतीच्या चौकापर्यंत त्यांना वैतागायला पुरेसं मिळे. सवाऱ्या नेणाऱ्या टेम्पोचा मागचा दांडा ढिला असे. नवा जाहिरातीचा फलक एकाच खांबावर उभा केलेला असे. पोहेवाल्याच्या पत्र्याच्या छपराला मधे टेका नसे. पोहेवाला हसून म्हणे, "साब, बाप के टैम से खड़ा है, आज ही गिरेगा क्या?" आणि सबनीस पोह्यांवर जीरावनाचा मसाला भुरभुरवत म्हणत, "पडलं नाही म्हणजे बरोबर आहे असं होत नाही, भिया."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की त्यातली चीड मला सुरुवातीला कळलीच नाही. एका हट्टी म्हाताऱ्याची सवय, असं मी समजत होते. खरं तर ते तेव्हा म्हातारेही नव्हते. पन्नाशीच्या आत-बाहेर असतील. पण मिल बंद पडली त्या वर्षी इंदूरमधली बरीच माणसं एकदम म्हातारी झाली.

सबनीस त्या मिलमध्ये, म्हणजे कापड गिरणीत, इंजिनियर होते. यंत्रांची दुरुस्ती त्यांच्याकडे. मोडलेला दांडा का मोडला, ब्रॅकेटला चीर कुठून सुरू झाली, हे शोधणं त्यांचं काम, आणि त्यांना त्याशिवाय दुसरा शौक नव्हता. मिल एकदम बंद पडली नाही. आधी एक खातं थांबलं, मग दुसरं. माग थांबले तरी सबनीस रोज जात आणि उभ्या यंत्रांना तेल घालून येत. शेवटी फाटकालाच कुलूप लागलं. त्याच सुमारास शहरात दुसरंच वारं सुटलं होतं. विदेशी कंपन्यांच्या पाट्या लागत होत्या, शहराबाहेर पीथमपूरला नवे कारखाने उभे राहत होते, आणि गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघत होते. त्यातल्या एका क्लासच्या मालकानं सबनीसांना शिकवायला ठेवलं, कारण कॉलेजात असताना ते कार्डांना भोकं पाडून चालवायच्या जुन्या कॉम्प्युटरवर फोरट्रान नावाची त्याची भाषा शिकले होते. मिलमधल्या शंभर अश्वशक्तीच्या मोटरी सांभाळलेला माणूस आता पोरांना पडद्यावर स्वतःचं नाव उमटवायला शिकवू लागला. घर मालतीताईंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, शाळेतल्या नोकरीवर चाले.

मी भूल देणारी डॉक्टर. तेव्हा स्कूटरवरून या नर्सिंग होममधून त्या नर्सिंग होममध्ये जायचे. सबनीस आमच्याच गल्लीत राहत, पण नीट ओळख झाली ती डॉक्टर पुराणिकांच्या दवाखान्यात. पुराणिक हाडांचे सर्जन. हात चपळ, बोलणं मोकळं, आणि दिवसभरात जितके पेशंट बसतील तितके बसवण्याची हौस. त्या दिवशी सबनीस त्यांच्या खात्यातल्या एका फिटरला घेऊन आले होते. त्याचं नाव रामेश्वर.

रामेश्वर परदेशीपुऱ्यातला, मिल कामगारांच्या वस्तीतला. तालमीत कुस्ती खेळायचा. कुस्तीतच त्याचा उजवा खांदा पहिल्यांदा निखळला. मग कामावर निखळला. मग बस पकडताना. पुढे पुढे शर्ट घालताना हात वर केला तरी निखळायचा, आणि तो दाराच्या चौकटीला दंड टेकवून स्वतःच बसवायचा. आता पीथमपूरच्या एका कारखान्यात त्याला फिटरची जागा मिळण्यासारखी होती, पण आधी डॉक्टरी तपासणी होती. आणि आदल्याच दिवशी खांदा असा निखळला होता की चौकटीनंही बसेना.

मी त्याला भूल दिली, पुराणिकांनी खांदा जागेवर बसवला. मग बाहेर येऊन त्यांनी सबनीसांना समजावलं. खांद्याचा सांधा म्हणजे बशीवर ठेवलेली मोसंबी. बशी मुळातच उथळ. याच्या बशीची पुढची कड झिजून गेली आहे, म्हणून मोसंबी घरंगळते. उपाय एकच. त्याच खांद्याच्या पुढे चोचीसारखं एक हाड असतं, ते मुळापासून कापायचं आणि गेलेल्या कडेच्या जागी दोन स्क्रूंनी बसवायचं.

सबनीस खुर्चीवरून उठले. बसलेच होते कुठे म्हणा.

"दोनच स्क्रू का?"

"दोन मावतात म्हणून."

"कोन किती ठेवता?"

"जितका मिळेल तितका."

"आणि तुकडा कडेच्या वर बसवायचा की खाली? बाहेर आला तर?"

"बाहेर आला तर मोसंबी घासते. आत राहिला तर पुन्हा निखळते. सबनीसजी, हे हाताला कळतं. अनुभव असतो."

"म्हणजे मोजलेलं नाही."

पुराणिक मोठ्यानं हसले. "तो आप निकालो ना हिसाब!" असं म्हणून ते पुढच्या पेशंटकडे गेले. त्यांनी ते गमतीनं म्हटलं होतं. सबनीसांना गंमत कळत नसे.

पुढच्या रविवारी ते आमच्या घरी आले, सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "डॉक्टर, मला एवढंच सांगा, हाताचा भार जातो कुठे?" मी माझं शरीररचनेचं जुनं पुस्तक त्यांच्यापुढे ठेवलं. ते पुस्तक मला परत मिळालं तेव्हा त्यातल्या खांद्याच्या प्रत्येक चित्रावर पेन्सिलीचे बाण होते.

मग सुरू झालं ते मी जमेल तसं सांगते. रामेश्वरच्या खांद्याचा सीटी स्कॅन झाला होता. त्या फिल्म सबनीसांनी घराच्या खिडकीच्या काचेला चिकटवल्या आणि उन्हाच्या वेळी त्यांवर ट्रेसिंगचा कागद लावून हाडाची एकेक कड गिरवून काढली. मग आलेखाच्या कागदावर प्रत्येक बिंदूची जागा मोजली. त्या बिंदूंतून हाडाचे विटांसारखे छोटे छोटे तुकडे पाडायचे. प्रत्येक वीट शेजारच्या विटेला किती ढकलते याचं एकेक समीकरण लिहायचं, आणि ती सगळी समीकरणं एकदम सोडवायची. म्हणजे हात उचलला की कुठल्या विटेवर किती ताण येतो ते कळतं. "हातानं करायला बसलो तर जन्म जाईल," ते म्हणाले. "कॉम्प्युटरला एक दुपार लागेल."

ती एक दुपार त्यांना मिळता मिळेना.

क्लासचा एसी हॉल, दाराशी काढून ठेवलेल्या चपला, आत पडदे ओढून ठेवलेले कॉम्प्युटर, असा तो देवघरासारखा थाट होता. दुपारी बॅच नसे तेव्हा मालकानं सबनीसांना एक मशीन वापरू दिलं होतं. ते विटांचे आकडे भरत, गणित सुरू करत आणि समोर बसून राहत. पडद्यावर काहीच हलत नसे. मग लाइट जाई. सगळं पुसलं जाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुवात. कधी लाइट टिके तर मालक येऊन म्हणे, "सर, टायपिंग की बैच आ गई है, मशीन खाली कर दो ना." सबनीस म्हणत, "अहो, गणित मधेच आहे." मालक पडद्याकडे बघे. "पर सर, इसमें तो कुछ हो ही नहीं रहा." आणि बटण दाबून मोकळा होई.

एकदा मी स्कूटरवरून जाताना ते क्लासबाहेर ओट्यावर बसलेले दिसले. पूर्ण भागात लाइट गेली होती, पोरं बाहेर येऊन गप्पा मारत होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"संपत आलं होतं," ते म्हणाले. "अगदी संपत आलं होतं, डॉक्टर." एवढंच बोलून ते रस्त्याकडे बघत राहिले. मला वाटलं होतं ते विजेच्या खात्याला शिव्या देतील. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढे त्यांनी युक्ती केली. गणिताचे टप्पे पाडले आणि प्रत्येक टप्प्यानंतर उत्तर फ्लॉपीवर उतरवून ठेवायची सोय केली. आता लाइट गेली तरी मागच्या टप्प्यापासून पुढे जाता येई. पण आलेल्या उत्तरावर त्यांचाच विश्वास बसेना. यंत्राचा भाग असता तर ते तो हातात घेऊन, वजन टांगून बघते. माणसाचं हाड कुठून आणायचं?

बकऱ्याचं आणलं. शुद्ध शाकाहारी घरातला हा माणूस खाटकाकडे गेला आणि बकऱ्याच्या खांद्याचं हाड मागून घेतलं. खाटकानं बिचाऱ्यानं मटण कसं शिजवायचं तेही सांगितलं. सबनीसांनी घरी येऊन ते मालतीताईंच्या कुकरमध्ये उकडलं, कारण मांस सुटल्याशिवाय कड दिसणार नव्हती. मालतीताई शाळेतून आल्या तेव्हा चौथी शिट्टी होत होती, आणि त्यांना वाटलं यजमानांनी आज चक्क डाळ लावली. मग त्यांनी झाकण उघडलं. कुकर तसाच्या तसा उचलून त्यांनी अंगणात नेऊन ठेवला आणि माझ्या घरी येऊन बसल्या.

"मिलमध्ये होते तेव्हा बरं होतं," त्या म्हणाल्या. "जे काही मोडायचं ते तिथं मोडायचे."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. थोड्या वेळानं म्हणाल्या, "त्या रामेश्वरचा खांदा नीट झाला ना, की हे पण नीट होतील. एक तरी गोष्ट यांच्या हातून पुरी होऊ दे."

त्या हाडाची कड सबनीसांनी कापली, बारीक स्क्रूंनी तुकडा बसवला आणि तराजूची वजनं टांगून किती वाकतं ते मोजलं. त्याच हाडाच्या गणितातून आलेल्या आकड्याशी ते जुळलं नाही. जवळपासही नव्हता. ते हाड घेऊन ते थेट दवाखान्यात आले. पुराणिक दोन ऑपरेशनांच्या मधे चहा पीत होते.

"अहो, तुम्ही हाड सगळं सारखं धरलंय," पुराणिकांनी कागद बघून सांगितलं. "ते लोखंड नाही. बाहेरून टणक, आत जाळीदार. आणि जिवंत असतं. जिथे भार येतो तिथे ते जाड होतं, जिथे भार येत नाही तिथलं शरीर स्वतःच खाऊन टाकतं. बसवलेल्या तुकड्याचंही तेच. काम नसेल तर विरून जातो."

सबनीसांनी हातातलं हाड उलटंपालटं करून बघितलं. मग चिडून म्हणाले, "हे तुम्ही मला आधी नाही सांगितलंत? आता सगळं परत करावं लागणार!"

"करा की," पुराणिक म्हणाले. "पण रामेश्वरचं ऑपरेशन मी पुढच्या हप्त्यात करतोय. चार महिन्यांनी त्याची तपासणी आहे, त्याआधी हात वर जायला हवा."

"थांबा. मला थोडा वेळ द्या."

"सबनीसजी, त्याची नोकरी थांबणार नाही."

नोकरी थांबत नाही हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. रामेश्वर दाराशी उभा होता. तो म्हणाला, "साब, आप टेंशन मत लो. डॉक्टर साब ने इत्ते सारे किए हैं, मेरा भी हो जाएगा." सबनीसांनी ते हाड वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि निघून गेले.

ऑपरेशन झालं. मी भूल दिली. पुराणिकांनी तुकडा त्यांच्या नेहमीच्या जागी बसवला, दोन स्क्रू घट्ट केले. काही महिन्यांनी रामेश्वर हात डोक्यावर नेऊन दाखवायला लागला. पीथमपूरला लागला. पेढे घेऊन आला. सगळे खूश होते, एक माणूस सोडून.

कारण तोवर सबनीसांचं गणित पुरं झालं होतं. सीटीच्या फिल्मवर जिथे हाड जास्त पांढरं तिथे ते जास्त टणक, असं धरून त्यांनी प्रत्येक विटेचा टणकपणा वेगळा भरला होता. क्लासमध्ये रंगीत छपाई नव्हती, म्हणून आकडे छापून घेऊन, हाडाचं चित्र काढून ते त्यांनी रंगपेन्सिलींनी रंगवलं. जास्त ताण तिथे लाल, काहीच नाही तिथे निळा. रामेश्वरच्या तुकड्याचा खालचा भाग लालभडक होता. वरचा अर्धा निळा.

"हा निळा भाग विरणार," त्यांनी पुराणिकांना सांगितलं. "वरच्या स्क्रूचं डोकं उघडं पडणार आणि मोसंबीवर घासणार. आणि कड अर्धीच राहिली की खांदा पुन्हा निखळणार. तुकडा थोडा खाली बसायला हवा होता."

पुराणिकांनी चित्र बघितलं, रंगकामाचं कौतुक केलं. "त्याला त्रास आहे का?"

"आज नाही."

"मग?"

सबनीसांनी रामेश्वरला गाठलं. खांद्याचा एक्स-रे फोटो काढ म्हणून मागे लागले. रामेश्वर बिचारा कामाच्या पाळीतून कसाबसा आला आणि हात गोल फिरवून दाखवत म्हणाला, "देखो साब, चल रिया है ना? आप काहे परेशान हो रिये हो?" त्याला साहेबांची दया येत होती, हे मला स्पष्ट दिसत होतं. साहेबांची मिल गेली आणि डोकं जरा सरकलं, असं परदेशीपुऱ्यात बोललं जात होतं. सबनीसांना ते ठाऊक होतं. "चालतंय म्हणजे बरोबर आहे असं होत नाही," ते मला म्हणाले, पण या वेळी त्या वाक्यात जोर नव्हता. आपलं उत्तर खरं ठरावं असं त्यांना वाटत होतं, आणि ते खरं ठरलं तर रामेश्वरचं वाटोळं होणार होतं. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या पोटात राहणं कठीण. त्या वर्षी ते फार वाळले.

वर्षभरानं रामेश्वर आला. हात वर नेताना खांद्यात कर्कर वाजायचं. फोटो काढला. तुकड्याचा वरचा भाग नव्हताच. वरचा स्क्रू खुंटीसारखा उघडा उभा होता. पुराणिकांनी छोटंसं ऑपरेशन करून तो काढून टाकला, आणि हे सांगायला हवं, ते त्या संध्याकाळी स्वतः सबनीसांच्या घरी गेले. मीही गेले होते.

"तुमचं बरोबर निघालं," ते म्हणाले.

मला वाटलं, आता तरी हा माणूस हसेल.

"अर्धंच," सबनीस म्हणाले. "मी म्हटलं होतं खांदा पुन्हा निखळणार. निखळला का?"

"नाही. आता निखळणारही नाही. त्या चोचीला चिकटलेले स्नायू तुकड्याबरोबर पुढे येतात ना, ते झोळीसारखे मोसंबी धरून ठेवतात."

"म्हणजे मी मांस धरलंच नव्हतं." सबनीसांनी कपाळावर हात मारला. "नुसती हाडं मांडून बसलो. आणि जे बरोबर निघालं तेही स्क्रू निघाल्यावर. काय उपयोग त्याचा? बेकार, एकदम बेकार काम."

"मग पुढच्या पेशंटच्या वेळी आधी सांगा," पुराणिक म्हणाले. या वेळी ते गमतीनं म्हणत नव्हते. मालतीताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी न विचारताच आणखी एक चहा टाकला.

पण सबनीसांच्या नशिबात सरळ काही नव्हतं. मधल्या काळात क्लासच्या मालकानं जुनी मशीनं काढून रंगीत पडद्याची नवी आणली होती. सबनीसांचं सगळं काम मोठ्या फ्लॉपींवर होतं, आणि नव्या मशीनला लहान फ्लॉपीची खाच होती. गावभर जुनं मशीन शोधत फिरले. मिळालं तेव्हा फ्लॉपींना बुरशी आलेली. छापलेल्या कागदांवरून सगळं गणित त्यांनी पुन्हा एकेक ओळ टाइप केलं, आणि त्यात स्नायूंची ओढ घातली. टाइप करताना पुटपुटत. क्लासमधली पोरं त्यांना पाठीमागे खांदासर म्हणत. त्या पोरांना आता नोकऱ्यांसाठी बंगलोर दिसत होतं. या म्हाताऱ्याच्या पडद्यावर तेच ते एक हाड का फिरतंय, ते त्यांना कळत नव्हतं.

शेवटी पेशंट आला. सांवेरकडच्या खेड्यातला एक तरुण. ट्रॅक्टरवरून पडून खांदा निखळला होता, आणि नंतर निखळतच राहिला होता. आई बरोबर होती. या वेळी पुराणिक थांबले. सबनीसांनी स्कॅन घेतला, विटा पाडल्या, गणित चालवलं. सांध्याच्या बशीला घड्याळाची तबकडी समजून जागा सांगायची सर्जन लोकांची पद्धत आहे. सबनीसांचं उत्तर आलं, तुकड्याचा मध्य बरोबर चारवर.

"तुम्हीच या आत," पुराणिक म्हणाले. "तुम्हीच दाखवा."

सबनीसांना हात घासायला लावले, हिरवा झगा, टोपी, मास्क, हातमोजे, सगळं चढवलं. चष्म्यावर वाफ धरत होती. ते पुराणिकांच्या शेजारी उभे राहिले, मी पेशंटच्या डोक्याशी. कातडी उघडली, स्नायू बाजूला ओढले, चोचीचं हाड कापून तयार ठेवलं. मग पुराणिक म्हणाले, "बोला सबनीसजी. चार दाखवा."

सबनीस वाकले. पडद्यावर तो खांदा त्यांनी वरून, खालून, मागून, हवा तसा फिरवला होता. इथे चहाच्या ग्लासाएवढं एक खोल भोक होतं. तळाशी रक्त साचत होतं. नळीनं ओढलं की क्षणभर काहीतरी पांढरं चमकायचं आणि पुन्हा बुडायचं.

ते बघत राहिले.

"डॉक्टर," ते फार हळू म्हणाले, "यात चार कुठे आहेत?"

पुराणिक हसले नाहीत. "हेच तर मी रोज शोधतो," ते म्हणाले. "हात द्या." त्यांनी सबनीसांचं बोट धरून आत नेलं. "हा वरचा कोपरा लागला? हे बारा. आता कडेकडेनं खाली या. घाई नको."

सबनीसांनी डोळे मिटले. "गरम आहे," ते म्हणाले. मला वाटतं इतकी वर्षं हाडांत काढून ही एक गोष्ट त्यांच्या मनात आलीच नव्हती. बोट सावकाश सरकत होतं. एकदा थांबलं, थोडं मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. मग ते म्हणाले, "इथे. मला वाटतं इथे." मला वाटतं, असं सबनीसांना म्हणताना मी त्यापूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

पुराणिकांनी बोटाच्या जागी हत्यार टेकवलं आणि तिथेच तुकडा बसवला.

त्या तरुणाचा पुढच्या वर्षीचा फोटो मी पाहिला आहे. तुकडा टिकला होता, वरचा कोपरा किंचित विरला होता, स्क्रू झाकलेले होते. सबनीस असते तर एका खांद्यावरून काही सिद्ध होत नाही म्हणून आमच्यावर डाफरले असते. पण तो फोटो बघायला ते नव्हते. ऑपरेशननंतर आठवड्याभरातच ते आणि मालतीताई मुलीकडे नागपूरला गेले, बाळंतपणासाठी म्हणून, आणि तिथेच हृदयविकारानं ते गेले. मला फोनवर कळलं. पुराणिकांना मी सांगितलं तेव्हा ते दोन ऑपरेशनांच्या मधे होते. त्यांनी हातातला चहा न पिता खाली ठेवला.

म्हणून मला आठवते ती त्या ऑपरेशनच्या दिवसाचीच शेवटची भेट. पेशंटला मी बाहेर आणलं तेव्हा सबनीस व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. झगा काढला होता, पण डोक्यावरची हिरवी टोपी तशीच. बाक हलवून न बघता बसले होते. शेजारी त्या तरुणाची आई होती. ती विचारत होती, "साब, छोरा को हाथ ठीक हुई जायगो?"

या प्रश्नावर सबनीस एरवी तासभर बोलले असते. विटा, भार, स्नायू, आणि मग ही कशी सगळी अर्धवट माहिती आहे त्याबद्दल वैताग. ते म्हणाले, "बाई, बैठा तो ठीक से है. बाकी वो खुद करेगा." बाईनं हात जोडले. सबनीसांनी तिचे हात घाईनं खाली केले, आणि आपल्या चपला कोणी उचलून नेल्या म्हणून चिडून इकडे तिकडे बघू लागले.

चपला सापडल्या नाहीत. ऑपरेशन थिएटरच्या रबरी सपाता घालूनच ते बाहेर पडले. वरच्या खिडकीतून मला ते टेम्पोच्या थांब्यावर दिसले, गर्दीत, भर उन्हात. हिरवी टोपी अजून डोक्यावर होती. आजूबाजूची माणसं त्यांच्याकडे बघत होती आणि ते स्वतःच्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघत होते. एक टेम्पो येऊन गेला, त्यात ते चढले नाहीत. हाक मारावी, टोपी काढा म्हणावं असं मनात आलं. पण आत पुढचा पेशंट टेबलावर घेतला होता.